नववा क्रमांक

मत्सर हा विषय मी कॉलेजात वीसेक वर्षं शिकवला. मानसशास्त्राच्या पुस्तकात भावनांचं एक प्रकरण असायचं. भीती, राग, माया झाली की सगळ्यात शेवटी मत्सर. मी पंधरा मिनिटं बोलायची, मुलं वहीत उतरवून घ्यायची, घंटा व्हायची. त्या पंधरा मिनिटांत जे कधीच सांगितलं नाही ते आता सांगते. मी स्वतः दोन वर्षं एका माणसावर अशी जळत होते की व्हरांड्यात त्याचा खोकला ऐकू आला तरी माझं कपाळ उठायचं.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. लग्न होऊन मी पुण्याहून कोल्हापुरात आले होते. शाहूपुरीत आमच्या दोन खोल्या, खाली एका अडत्याचं गुळाचं गोदाम, जिन्यापर्यंत रचलेले रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा. बारा महिने घरात गुळाचा वास आणि मुंग्या. हे एका कचेरीत नोकरीला होते. मी एम.ए. झालेली, त्यामुळे कॉलेजाने लगेच घेतलं. मानसशास्त्र तेव्हा तत्त्वज्ञानाच्या विभागात पाहुण्यासारखं राहत होतं: दोन पेपर, एक कपाट आणि मी. कपाटात एक स्टॉपवॉच, आरशात बघून चांदणी गिरवायचं एक लाकडी यंत्र आणि रंगीत कार्डांचा गठ्ठा. किल्ली माझ्या कमरेला. विभागप्रमुख तर्कशास्त्र शिकवत. वयस्कर, सज्जन, दुपारी खुर्चीतच डुलकी काढणारे. मानसशास्त्राचं सगळं माझ्यावर सोपवून ते मोकळे झाले होते. तेवढ्या कपाटापुरती मी राणीच होते म्हणा ना.

शिकवणं तेव्हा इंग्रजीतून चाले, आणि माझं इंग्रजी चांगलं होतं. चांगलं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. वळणदार वाक्य तोंडून बाहेर पडलं की पुढच्या बाकावरच्या मुली मान वर करून बघत, आणि त्या बघण्यावर माझा दिवस जात असे.

मग विद्यापीठाने आमच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र घातलं आणि राणीच्या राज्याला घरघर लागली. संख्याशास्त्र मी पुण्यात एक सत्रभर शिकले होते. शिकले म्हणजे पाठ केलं होतं. कुठलं सूत्र कुठे लावायचं ते मला येत होतं. का लावायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तेच मी वर्गात करायला लागले. फळ्यावर सूत्र लिहायचं, पुस्तकातले आकडे त्यात घालायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या.

तिसऱ्या-चौथ्या तासाला एक मुलगी उभी राहिली. कुरुंदवाडची, शेतकऱ्याच्या घरची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. वर्गातली सगळ्यात हुशार. तिकडच्या पोरी स्वतःबद्दल बोलतानाही ‘मी येतो, मी करतो’ असं म्हणतात. पुण्याहून आलेल्या मला सुरुवातीला त्याचं हसू यायचं, पुढे सवय झाली. ती म्हणाली, “बाई, सरासरीपासून प्रत्येक आकडा किती लांब हाय ते काढलं. पण मग त्याचा वर्ग कशाला करायचा?”

मी म्हटलं, “परीक्षेत ते विचारत नाहीत.”

ती खाली बसली. मला जरा वाईट वाटलं, पण घंटा झाली आणि मी सुटले.

ही मुलगी माझी होती, हे आधी सांगायला हवं. शनिवारी दुपारी ती आमच्या घरी यायची. मी चहा करायची, ती माझ्या एम.ए.च्या वह्या मांडीवर घेऊन वाचत बसायची. माझ्या वह्यांना हात लावायची परवानगी मी यांनाही दिली नव्हती. माझ्या मनात तिचं सगळं ठरलेलं होतं: तिने पुण्याला जायचं, एम.ए. करायचं, परत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. आणि कुणी विचारलं की सांगायचं, मला बाईंनी घडवलं.

पुढच्या जूनमध्ये प्रमुखांनी मला बोलावलं. म्हणाले, “संख्याशास्त्राचा ताप तुमच्या डोक्यावरून काढतो. गणित विभागात एक नवे गृहस्थ आलेत, ते शिकवतील. तुम्ही मानसशास्त्र बघा.” मी आभार मानले. घरी येऊन यांना सांगितलं की सुटले बाई एकदाची. आणि खरंच सुटल्यासारखं वाटलं, आठवडाभर.

नवे सर कबनूरचे. घरी शेती, शिवाय भावाचे चार माग. उंच, काळेसावळे, कोटाची कोपरं खडूने पांढरी झालेली. इंग्रजी बोलायला लागले की दुसऱ्याच वाक्यात मराठीत उतरायचे, तेही असल्या मराठीत की स्टाफरूममध्ये दोघातिघांनी एकमेकांकडे बघावं. बघणाऱ्यांत मी पहिली. मला वाटलं, हा माणूस महिनाभरात मुलांच्या चेष्टेचा विषय होणार. मी वाटच बघत होते.

एके दिवशी त्यांच्या वर्गावरून जाताना आतून आरडाओरडा ऐकू आला. मी थांबले. मुद्दाम चपलेचा अंगठा नीट करायचं निमित्त केलं.

सर सांगत होते, “दोन अडते हायत. दोघांच्या गुळाच्या रव्यांची सरासरी सारखीच. पण एकाचे रवे सगळे जवळपास सारखे, आणि दुसऱ्याचा एक म्हशीएवढा तर एक शेळीएवढा. गूळ कुणाकडनं घेणार?”

“पयल्याकडनं!” सगळा वर्ग.

“का म्हणून? सरासरी तर सारखीच हाय की.”

दोघंतिघं एकदम काहीतरी सांगायला लागले. मग सर म्हणाले, “आत्ता जे तुमच्या मनात आलं न्हवं, त्यालाच स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणत्यात. ते तुम्हाला येतंयच. फकस्त आकडा काढायचा ऱ्हायलाय.” आणि पुढे, कुणी न विचारताच: “काही रवे सरासरीच्या वर, काही खाली. नुसती बेरीज केली तर उणं अधिकाला खातंय आणि हातात शून्य. म्हणून वर्ग करायचा. वर्ग केला की उण्याचं नाव ऱ्हात न्हाय.”

मी व्हरांड्यात उभी होते, एम.ए. झालेली, आणि मला ते आयुष्यात पहिल्यांदा कळलं. कळल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या पाठोपाठ असा संताप आला की चपलेचा अंगठा माझ्या हाताने खरोखरच तुटला. खालीच गुळाचं गोदाम असलेल्या घरात मी तीन वर्षं राहत होते. रोज रव्यांमधून वाट काढत जिना चढत होते. ते उदाहरण माझ्या पायाशी पडलं होतं आणि उचललं मात्र कबनूरच्या माणसाने.

तिथून पुढे माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. त्यांच्या तासाला बाकं भरलेली असत, माझ्या तासाला मागची दोन रिकामी. आधीही रिकामीच असतील; मी कधी मोजली नव्हती. आता मोजायला लागले. तास झाल्यावर त्यांच्या दाराशी किती मुलं थांबतात, माझ्या दाराशी किती, तेही. घरी आल्यावर हे विचारत, “काय, आज किती होती त्याच्या दारात?” मी म्हणायची, “मला काय करायचंय!” आणि घटकाभराने स्वयंपाकघरातून ओरडायची, “अकरा!” हे हसत. मला हसू येत नसे.

त्यांचे दोष मी गोळा करत होते. फळ्यावर इंग्रजी स्पेलिंग चुकलं की तो दिवस मला सणासारखा जाई. एकदा ते मुलांना घेऊन गुळाच्या पेठेत गेले, खरे रवे काट्यावर घालून वजनं टिपून घ्यायला. सगळा वर्ग संध्याकाळी चिकट हातांनी परत आला. मी प्रमुखांकडे गेले आणि म्हटलं, कॉलेजच्या मुली बाजारात हमालांच्यात उभ्या राहतात, हे शोभतं का? प्रमुख म्हणाले, “बाई, तुमच्याच घराखालच्या गोदामात गेले होते ते.” मी मूग गिळून बाहेर आले.

पण हे सगळं सोसलं असतं. शनिवार सोसवला नाही. आधी ती मुलगी उशिरा यायला लागली, मग एक शनिवार आड, मग येऊन माझ्या वह्यांऐवजी आलेखाचा कागद पसरून बसायला लागली. चहाचा कप त्या कागदावर ठेवायची. एकदा म्हणाली, “बाई, सरांनी गणित सोडवलं की डोक्यात उजेड पडतोय बघा.”

“आणि माझ्या तासाला?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

ती मनापासून विचारात पडली. तेच लागलं. खोटं बोलणारी पोर असती तर चटकन बोलली असती. “तुमच्या तासाला,” ती म्हणाली, “ऐकत ऱ्हावंसं वाटतंय.”

त्या दिवशी तिचा चहा मी थोडा कमी गोड केला. इतक्या खालच्या थराला मी गेले होते.

तिच्या शेवटच्या वर्षी असं ठरलं की आमच्या विभागातून एक विद्यार्थी एम.ए.साठी पुण्याला पाठवायचा. एका देणगीतून त्याच्या राहण्या-जेवणाची सोय होणार होती. जागा एकच. त्याच सुमारास मुलीचे वडील कुरुंदवाडहून मला भेटायला आले. फेटा बांधलेले, खुर्चीच्या कडेवर बसलेले. म्हणाले, “बाई, कॉलेजानं धाडली तर धाडतो, मी आड येत न्हाय. न्हाय धाडली तर मग आमचं आम्ही बघतो.” आमचं आम्ही म्हणजे काय, ते विचारायची गरज नव्हती, नांदणीकडचं एक स्थळ आधीच बघून ठेवलेलं होतं. मुलगी दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, “काळजी करू नका, मी आहे.” आणि ते मी मनापासून म्हणाले होते.

निवड निबंधावरून करायची होती. वर्गात बसवून तीन तास, विषय ‘हुशारी मोजता येते का’. दहा जणांनी लिहिला. कारकुनाने नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि वर आकडे घातले. परीक्षक दोन: सर आणि मी. दोघांनी स्वतंत्रपणे पहिला ते दहावा असे क्रम लावायचे, दोघांच्या क्रमांची बेरीज करायची, सगळ्यात कमी बेरीज ज्याची त्याची जागा. सरळ काम.

रविवारी दुपारी मी तो निबंधांचा गठ्ठा घेऊन बसले. तिचा निबंध हातात आला तो पहिल्या ओळीलाच ओळखला. दोन वर्षं तिच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते, अक्षर ओळखायला पट्टी कशाला काढायला हवी? वाचायला लागले. दुसऱ्याच परिच्छेदात दोन वर्ग, सारखी सरासरी, एकात सगळी मुलं बेताची, दुसऱ्यात चार हुशार आणि चार ढ. मोजायचं ते नक्की काय? माझं एक वाक्य त्यात नव्हतं. मी दिलेल्या पुस्तकांतला एक विचार नव्हता. पानापानावर त्यांचा खोकला ऐकू येत होता. चांगला होता. इतका चांगला की मी तसा लिहू शकले नसते, तेव्हाही आणि आत्ताही.

मी त्याला नववा क्रमांक दिला. शेजारी शेरा लिहिला: आकडेमोड फार, विचार कमी.

मग हात सैल सुटला. ज्या ज्या निबंधाला सरांचा वास आला तो खाली. एक मुलगा होता, माझीच वाक्यं मला परत ऐकवणारा. सगळा वर्ग त्याला बाईंचा पोपट म्हणायचा आणि ते मला माहीत होतं. त्याचा निबंध मी पहिला लावला आणि शेजारी लिहिलं: भाषा सुरेख. निबंधात आधी भाषा बघावी, असं मी मनाशी म्हणत होते. माणूस आधी करतो आणि कारण मागून शोधतो, याला आमच्या शास्त्रात नाव आहे. ते नाव मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होते. यादी पाकिटात घातली, प्रमुखांकडे दिली आणि रात्री छान जेवले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, आणि संख्याशास्त्र धड आलं असतं तर ती आलीच असती. सरांचा एक नेम होता. पुस्तकातले आकडे ते प्रॅक्टिकलला कधीच घेत नसत. आकडे आपले हवेत, आपल्या गावचे, आपल्या वर्गाचे. त्या आठवड्यात त्यांना सहसंबंध शिकवायचा होता, म्हणजे दोन याद्यांचा एकमेकींशी मेळ किती बसतो ते एका आकड्यात सांगायचं. पूर्ण मेळ बसला तर अधिक एक, काहीच नाही तर शून्य, आणि एक यादी दुसरीच्या बरोबर उलट असेल तर उणे एक. त्यांनी प्रमुखांना विचारलं की निकाल लावण्याआधी दोन्ही याद्या फळ्यावर मांडू का? नावं झाकलेलीच आहेत, कुणाचं काय जातंय. प्रमुखांनी डुलकीतून मान हलवली.

मला शिपायाकरवी निरोप आला: दोन्ही परीक्षक वर्गात हवेत. मी गेले. खिडकीजवळच्या खुर्चीत पदर सावरून बसले. मला वाटलं, मान देतायत.

सरांनी फळ्यावर दोन रांगा लिहिल्या. डावीकडे त्यांचे क्रम, उजवीकडे माझे. कुठला निबंध कुणाचा हे मुलांना माहीत नव्हतं, सरांनाही नसावं, असं मला तेव्हा वाटलं. मुलांनी फरक काढले, वर्ग केले, बेरीज केली. सगळ्यांत आधी हात वर झाला तो तिचाच.

“सर, उणं येतंय.”

“उणं कसं येईल? एकाच विषयाचे दोन परीक्षक. परत कर.”

मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, “माझंबी उणंच.” मग तिसरा. सर स्वतः फळ्याशी गेले. “ताळा घ्या. फरकांची बेरीज शून्य यायला पायजे.” मुलांनी ताळा घेतला. शून्य आली. पुन्हा वर्ग, पुन्हा बेरीज. शेवटी सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात उत्तर लिहिलं: उणे शून्य दशांश सहासष्ट.

आकड्यांशी माझं कधी जमलं नाही, पण तो आकडा मी कुणाच्या मदतीशिवाय वाचला. त्याला जे चांगलं वाटेल ते मला वाईट वाटलं पाहिजे; इतकंच त्या आकड्यात लिहिलेलं होतं. पुस्तकातलं मत्सराचं प्रकरण मी पंधरा मिनिटं शिकवायची, आणि इथे तोच मत्सर दोन दशांश स्थळांपर्यंत फळ्यावर होता. वर्गात चाळीस मुलं. बेरजेने जागा तिसऱ्याच एका निबंधाला जात होती, ज्याला आम्हा दोघांपैकी कुणीही पहिला म्हटलं नव्हतं.

सर फळ्याकडे बघत उभे राहिले. मग टेबलावरून माझी यादी उचलली आणि वाचली. माझ्या निळ्या शाईतले शेरे पलीकडून उमटलेले मला खुर्चीतून दिसत होते. पहिल्यापुढे ‘भाषा सुरेख’. नवव्यापुढे ते दुसरं. सरांनी सगळे वाचले, वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग यादीची घडी घातली, कोटाच्या खिशात टाकली आणि माझ्याकडे वळून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“बाई, तुम्ही खालनं वर क्रम लावलाय व्हय? म्हंजे सगळ्यात कच्चा त्याला एक, आणि सगळ्यात चांगला त्याला धा?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर काही नव्हतं. जसा एखाद्या पोराला विचारावा तसा साधा प्रश्न. शेरे वाचून झाल्यावर विचारलेला.

हो म्हटलं की माझी यादी उलटी होणार, माझा नववा म्हणजे दुसरा होणार, सरांच्या रांगेत तो पहिला होताच, आणि ती मुलगी पुण्याला जाणार. नाही म्हटलं तर माझं मत माझ्यापाशी राहील, ताठ मानेने. परीक्षकाला वेगळं मत असायचा हक्क आहे, कुणी वाकड्यात शिरलं नसतं. आणि ती नांदणीला जाईल. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही, देवाशपथ सांगते, माझ्या तोंडात पहिला शब्द आला तो ‘नाही’ हाच. त्या माणसाने मला वाचवायचं या विचाराने अंगाचा तिळपापड होत होता. ती जागा गेली तरी चालेल, पण याचे उपकार नकोत, इतपत मी पोचले होते. मग माझी नजर तिच्याकडे गेली. ती मान खाली घालून पुन्हा एकदा गणित तपासत होती, आपली चूक सापडेल म्हणून.

“हो,” मी म्हटलं. “खालून वर.”

वर्गात हशा झाला. “बाईंनी गंगा उलटी वाहवली की!” कुणीतरी म्हणालं. मी हसले. चूक न करणाऱ्या बाई म्हणून माझं नाव होतं, आणि न केलेल्या चुकीपायी त्या दिवशी सगळा वर्ग मला हसला. सरांनी उजवी रांग पुसून उलटी लिहिली. उण्याचं अधिक झालं, आकडा तोच राहिला. पट्ट्या काढल्या, नावं वाचली. तिचं पहिलं होतं.

बाहेर व्हरांड्यात सर माझ्या बरोबरीने चालायला लागले. मी म्हटलं, “तुम्ही शेरे वाचलेत.”

“वाचले की.”

“मग?”

“मग काय. पोरगी पुण्याला जाऊ द्या. त्यानंतर माझ्याशी काय भांडायचं ते भांडा, मी कुठं जात न्हाय.” आणि खोकत खोकत पुढे निघून गेले. मला त्यांचा पहिल्यापेक्षा दुप्पट राग आला. आधी ते माझ्यापेक्षा चांगले शिकवत होते एवढंच होतं; आता वर त्यांचे उपकारही झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती विभागात आली. प्रमुख घोरत होते. तिने माझ्या पायांना हात लावला आणि उभी राहिली.

मला वाटलं, आभार मानायला आली. मी म्हटलं, “नीट राहा पुण्यात. पत्र टाक.”

“टाकतो.” मग थोडं थांबून म्हणाली, “बाई, एक विचारू? यादी उलटी केल्यावर तुमच्याकडनं धावा नंबर त्याचा आला.” तिने बाईंच्या पोपटाचं नाव घेतलं. “त्याला तुम्ही शेवटचा लावाल, हे काय मला पटलं न्हाय.”

मी कमरेची कपाटाची किल्ली उगाच पुन्हा खोचली.

“म्हंजे मला नववा दिलाता,” ती म्हणाली. तक्रार नव्हती, ताळा घेतल्यासारखं म्हणाली.

“हो.”

“लई वाईट लिव्हलंतं का?”

“नाही,” मी म्हटलं. “सगळ्यात चांगला होता. म्हणूनच दिला.”

तिने माझ्याकडे बघितलं. ती मानसशास्त्राची विद्यार्थिनी होती आणि ते मीच तिला शिकवलं होतं, त्यामुळे पुढचं समजावून सांगायची गरज पडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं, आणि माझ्यावर रागवायचं सोडून म्हणाली, “मग शनिवारी यायचं का न्हाय, बाई? जायला अजून दोन शनिवार हायत.”

“ये,” मी म्हटलं.

ती गेली आणि मी त्या खोलीत बसून राहिले. दोन वर्षं मी जळत होते आणि नाव सरांचं घेत होते. सरांशी माझं काय वाकडं होतं? विसाव्या वर्षी मीही हुशार होते, मलाही प्रश्न पडत होते, पण मला उत्तर देणारा कुणी भेटला नाही, आणि हळूहळू मी विचारायचं सोडून पाठ करायला लागले. तिला मात्र कुणीतरी भेटलं. तो नववा क्रमांक मी सरांच्या विद्यार्थिनीला दिला असं मला वाटत होतं. मी तो तिलाच दिला होता, माझ्या घरी चहा पिणाऱ्या, माझ्या वह्या वाचणाऱ्या माझ्या पोरीला.

शनिवारी ती आली. दुसऱ्या शनिवारीही आली. मी चहा केला, पण तिच्यासमोर बसून तो पिताना मला तिच्याकडे नीट बघता आलं नाही.